पित्तनलिकेतली गाठ : ब्रश, चिमटा की सुई?

पित्तनलिका अरुंद झाली आहे हे स्कॅनमध्ये दिसतं, पण ती कशामुळे झाली हे ठरत नाही. अशा वेळी नमुना कसा घ्यायचा, याबद्दल रुग्णांच्या घरच्यांनी आणि एंडोस्कोपी विभागात काम करणाऱ्यांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६८) महिन्यापूर्वी कावीळ झाली. ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोहोचण्याची पद्धत) करून पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी नळी, टाकला आणि त्याच वेळी ब्रशने पेशी घेतल्या. रिपोर्टमध्ये ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ असं आलं आणि आमचा जीव भांड्यात पडला. आता डॉक्टर म्हणतात, पुन्हा तपासणी करायची आहे. रिपोर्ट चांगला असताना पुन्हा त्रास कशासाठी?

तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. कृपया तपासणी टाळू नका.

ब्रशच्या तपासणीचे दोन गुण वेगवेगळे समजून घ्यायला हवेत. ब्रशमध्ये कर्करोगाच्या पेशी सापडल्या, तर त्या निदानावर जवळपास पूर्ण विसंबता येतं, खोटा ‘पॉझिटिव्ह’ फार क्वचित येतो. पण कर्करोग असलेल्या १०० जणांचा ब्रश घेतला, तर निदान होतं साधारण ४५ जणांचंच. उरलेल्यांचा रिपोर्ट ‘आढळल्या नाहीत’ असाच येतो.

हिशेब मांडून पाहू. समजा, वडिलांसारखी संशयास्पद आकुंचनं, म्हणजे नलिकेचे अरुंद भाग, असलेले १०० रुग्ण आहेत आणि त्यातल्या ७० जणांना खरोखर कर्करोग आहे. ब्रश त्यातले सुमारे ३२ पकडेल, ३८ सुटतील. ज्यांना कर्करोग नाही अशा ३० जणांचा रिपोर्ट निगेटिव्ह येईल. म्हणजे एकूण ६८ निगेटिव्ह रिपोर्ट, आणि त्यातल्या ३८ जणांना कर्करोग आहेच. निम्म्याहून जास्त! अशा निगेटिव्ह रिपोर्टवर घरी बसणं धोक्याचं आहे.

पेशी का सापडत नाहीत, याचं कारण या गाठीच्या स्वभावात आहे. पित्तनलिकेचा कर्करोग बहुतेकदा तंतुमय, घट्ट असतो. भरपूर तंतूंमध्ये थोड्याशा कर्कपेशी विखुरलेल्या असतात, आणि पुष्कळदा त्या आतल्या अस्तराखालून पसरत जातात. ब्रश वरचं अस्तर खरवडतो. गाठ नलिकेच्या बाहेरून, म्हणजे स्वादुपिंडातून किंवा पित्ताशयातून दाबत असेल, तर ब्रशच्या हाती निरोगी अस्तराशिवाय काहीच लागत नाही.

रिपोर्टमध्ये आणखी एक गोष्ट पाहा : ‘नमुना पुरेसा आहे’ असं लिहिलंय का? नमुनाच अपुरा असेल, तर तो निगेटिव्ह नव्हे. ती तपासणी झालीच नाही असं धरायचं.

प्रश्न : ब्रश, चिमट्याची बायोप्सी, नलिकेत घालायची छोटी दुर्बीण आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडची सुई, असे चार पर्याय आम्हाला सांगितले. यांतला सर्वांत चांगला कोणता?

गाठ कुठे आहे आणि ती नलिकेच्या आत वाढते आहे की बाहेरून दाबते आहे, हे कळल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. म्हणून आधी चांगला एमआरआय-एमआरसीपी (पित्तनलिकांचं चित्र दाखवणारा एमआरआय) किंवा तीन टप्प्यांचा सीटी स्कॅन हवा, आणि तो शक्यतो स्टेंट टाकण्यापूर्वी. स्टेंट टाकला की नलिकेची भिंत सुजते, स्कॅनमध्ये जाड दिसते, आणि गाठीची खरी हद्द ओळखणं कठीण होतं.

ब्रश आणि साधा चिमटा ही ईआरसीपीमधली जुनी जोडी. दोन्ही एक्स-रेच्या पडद्यावर पाहून वापरतात. नलिकेच्या आतलं काही दिसत नाही, दिसते ती रंगद्रव्याने भरलेल्या नलिकेची सावली. चिमट्याने अस्तराखालचा थर हाती येतो, म्हणून तो ब्रशपेक्षा पुष्कळ सरस ठरेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात एकट्या चिमट्याची पकड, म्हणजे कर्करोग असलेल्या १०० पैकी किती जणांचं निदान होतं तो आकडा, ब्रशच्या जरा पुढे, ५० टक्क्यांच्या आसपासच असते, कारण तो नेमका कुठे चावतो आहे हे कळत नाही. दोन्ही एकाच बैठकीत केले, तर मात्र आकडा ६० टक्क्यांच्या जवळ जातो. वरचाच हिशेब घेतला, तर ७० पैकी ४२ सापडतील, २८ सुटतील. अवजारांना वाट दाखवणारी तार नलिकेतून पार गेलेली आहे, रुग्ण भूल घेऊन झोपलेला आहे, अशा वेळी फक्त ब्रश घेऊन थांबण्यात शहाणपण नाही असं आमचं स्पष्ट मत आहे.

चिमटा वापरताना तो आकुंचनाच्या खालच्या काठावर उघडून, भिंतीवर दाबून मिटायचा असतो. आकुंचनाच्या मध्यात तो उघडायलाच जागा नसते, आणि खूप खाली घेतला तर निरोगी अस्तर येतं. किमान ३, जमल्यास ६ तुकडे घ्यावेत. पहिला तुकडा बहुधा वरवरचा असतो. त्याच जागी पुन्हा चिमटा लावला की खालचा थर मिळतो.

नलिकेत जाणारी छोटी दुर्बीण, म्हणजे कोलॅंजिओस्कोप, हा मोठा फरक घडवणारा पर्याय आहे. मुख्य दुर्बिणीच्या ४.२ मिलिमीटरच्या मार्गातून सुमारे साडेतीन मिलिमीटर जाडीची दुसरी दुर्बीण नलिकेत जाते आणि भिंत डोळ्यांनी दिसते. वेडेवाकडे फुगलेले रक्तवाहिन्यांचे जाळे, बोटांसारखे उंचवटे, खडबडीत गाठ किंवा व्रण दिसला, तर संशय पक्का होतो आणि चिमटा नेमका तिथेच लावता येतो. या बायोप्सीची पकड ६० ते ७५ टक्क्यांच्या घरात आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे या दुर्बिणीचा अवजारांचा मार्ग जेमतेम १.२ मिलिमीटर असतो, त्यामुळे चिमटाही इवलासा आणि तुकडा टाचणीच्या डोक्याहून लहान. म्हणून इथे ६ किंवा अधिक तुकडे घ्यावे लागतात. दुसरं असं, की नुसतं पाहून केलेलं निदान चुकू शकतं. स्टेंटने किंवा खड्याने सुजलेली भिंतही भयंकर दिसते. नजरेला कर्करोग वाटलेल्या साध्या आकुंचनांचं प्रमाण दुर्लक्ष करण्याइतकं कमी नाही, साधारण सहात एक. त्यामुळे पाहिलेलं तुकड्याने सिद्ध व्हायलाच हवं.

एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये दुर्बीण जठरात आणि ग्रहणीत (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) राहते, नलिकेत जात नाही. तिच्या टोकावरच्या सोनोग्राफीतून गाठ दिसते आणि २२ किंवा २५ गेजची सुई भिंतीतून थेट गाठीत जाते. नलिकेच्या खालच्या भागातल्या, विशेषतः स्वादुपिंडाच्या डोक्याजवळच्या गाठीत हिची पकड ८० टक्क्यांच्या आसपास असते. तीच गाठ यकृताच्या मुखाशी, म्हणजे डावी-उजवी नलिका जिथे एकत्र येतात तिथे असेल, तर आकडा ६० पर्यंत घसरतो. तिथे अंतर वाढतं, मध्ये मोठ्या रक्तवाहिन्या येतात आणि गाठ पातळ, भिंतीला चिकटून पसरलेली असते. शिवाय तिथे सुईचा एक खास धोका आहे, त्याबद्दल पुढच्या एका उत्तरात.

आता तुमचं उत्तर. स्कॅनमध्ये स्वादुपिंडात किंवा नलिकेबाहेर गाठ दिसत असेल, तर आधी अल्ट्रासाउंडची सुई. बाहेर गाठ नाही, नलिका नुसती अरुंद झाली आहे आणि कावीळ उतरवायला ईआरसीपी करायचीच आहे, तर त्याच बैठकीत ब्रश आणि चिमटा. त्यातून काही हाती लागलं नाही, किंवा आकुंचन सुरुवातीपासूनच कोड्यात टाकणारं असेल, तर कोलॅंजिओस्कोप. जिथे ही सोय असते तिथे मुखाजवळच्या आकुंचनासाठी ती पहिल्याच बैठकीत वापरावी, म्हणजे रुग्णाची एक भूल वाचते. आणि केंद्राची निवड करता आली, तर यंत्रांची यादी पाहण्याआधी असल्या तपासण्या तिथे नेहमी होतात का आणि पित्तनलिकेच्या पेशी वाचणारा अनुभवी पॅथॉलॉजिस्ट आहे का, हे विचारा.

प्रश्न : मी एंडोस्कोपी विभागात परिचारिका आहे. आमच्याकडून गेलेल्या ब्रशच्या नमुन्यांवर ‘पेशी अपुऱ्या’ किंवा ‘पेशी सुकलेल्या’ असा शेरा वारंवार येतो. कुठे चुकत असेल?

या प्रश्नाबद्दल तुमचे मनापासून आभार, कारण इथे सुधारणा करायला एकही नवं यंत्र लागत नाही.

पेशी तीन ठिकाणी वाया जातात : नलिकेत, आवरणात आणि टेबलावर.

नलिकेत : तार आकुंचनाच्या पार गेल्यावर ब्रशचं आवरण तारेवरून आकुंचनाच्या वर न्यायचं, ब्रश तिथे बाहेर काढायचा आणि मग ब्रश व आवरण एकत्र खाली ओढून ब्रश आकुंचनात आणायचा. तिथे पुढे-मागे किमान १० वेळा घासायचं. ३-४ वेळा घासून ब्रश मिटणं ही फार नेहमीची चूक आहे. वेळा वाढवल्या तर पेशी वाढतात. पडद्यावर पाहत राहा, कारण घासताना ब्रश हळूहळू खाली सरकतो आणि निरोगी भागात घासला जातो.

आवरणात : ब्रश एकटा आवरणातून ओढून बाहेर काढू नका. सुमारे दोन मीटरच्या प्रवासात केसांवरच्या पेशी आतल्या भिंतीला लागून राहतात. ब्रश आवरणाच्या टोकाशी जेमतेम आत घ्या आणि दोन्ही एकत्र बाहेर काढा, तार जागेवर राहू द्या. नंतर आवरणातून सलाईन सोडा आणि ते वेगळ्या बाटलीत धरा. ते धुवण फेकू नका, लॅबमध्ये ते फिरवून खाली बसलेल्या पेशी मिळतात.

टेबलावर : स्लाइड करायची असेल, तर ब्रश काचेवर फिरवल्या क्षणी काच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडाली पाहिजे. अल्कोहोलचं भांडं आधी उघडून हाताशी ठेवा. लेबल लिहीत बसलात तर तेवढ्यात पेशी सुकतात, केंद्रकं फुगलेली आणि पुसट दिसतात आणि पॅथॉलॉजिस्टला ती कर्करोगाची की सुजेची हे सांगता येत नाही. म्हणून लेबल आधी, ब्रश नंतर. लिक्विड-बेस्ड पद्धत असेल, तर काम सोपं होतं : ब्रशचं टोक कापून थेट त्या बाटलीतल्या द्रवात टाका आणि बाटली नीट हलवा. नमुना नुसत्या सलाईनमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पाठवला, तर पेशी कुजतात. पित्त तर पेशींना त्याहून घातक, म्हणून पित्ताचा नमुना घेतलाच तर बर्फावर ठेवून ताबडतोब लॅबमध्ये पोहोचवा. त्यातून निदान होण्याची शक्यता ब्रशहूनही कमी असते, तेव्हा तो एकटा कधीच पुरेसा समजू नका.

चिमट्याचे तुकडे १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये. तुकडा बोळ्यावर ठेवू नका, चिमटीत दाबू नका. जबड्यातून सुईच्या टोकाने अलगद सोडवा. कोलॅंजिओस्कोपचे तुकडे इतके बारीक असतात, की बाटलीत टाकल्यावर तुकडा दिसतो आहे याची डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय चिमटा परत देऊ नका.

आणि फॉर्मवर माहिती भरा! आकुंचन कुठे आहे, स्टेंट आधीपासून होता का व किती आठवड्यांपासून, नलिकेत खडे होते का, पित्तनलिकेचा जुनाट दाह आहे का. स्टेंट असलेल्या नलिकेच्या पेशी सुजेमुळे विचित्र दिसतात. हे माहीत नसेल, तर वाचणारा एकतर घाबरून जास्त लिहितो किंवा सावधपणे काहीच लिहीत नाही.

प्रश्न : आईच्या ब्रशच्या रिपोर्टमध्ये ‘एटिपिकल पेशी’ असा शब्द आहे. हा कर्करोग आहे की नाही?

या रिपोर्टवरून दोन्ही म्हणता येत नाही. पेशी निरोगी पेशींहून वेगळ्या आहेत, पण तो बदल सूज, खडे, संसर्ग किंवा स्टेंट यांमुळेही होऊ शकतो. याच्या वरची पायरी ‘संशयास्पद’, त्याच्यावर ‘कर्करोग’. संशयास्पद असा शेरा आला आणि स्कॅनही तेच सांगत असेल, तर बहुतेक वेळा कर्करोगच निघतो. ‘एटिपिकल’वर मात्र उपचार ठरत नाही, पुढचा नमुना लागतो.

अशा वेळी त्याच पेशींवर फिश नावाची तपासणी करता येते. चकाकणारी द्रव्यं ठरावीक गुणसूत्रांना चिकटवून त्यांच्या प्रती मोजतात. प्रचलित संचात ३, ७ आणि १७ ही गुणसूत्रं आणि ९पी२१ ही जागा तपासतात. दोन किंवा अधिक जागांच्या जादा प्रती असलेल्या निदान ५ पेशी सापडल्या, तर कर्करोगाची शक्यता बरीच वाढते. प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलॅंजायटिस, म्हणजे पित्तनलिकांचा जुनाट दाह असलेल्यांना या तपासणीचा विशेष उपयोग होतो, कारण त्यांच्या नलिका जागोजागी अरुंदच असतात आणि नुसत्या दिसण्यावरून काही कळत नाही.

रक्तातल्या सीए १९-९ ने (कर्करोगात वाढणाऱ्या एका घटकाने) हा प्रश्न सुटेल असं समजू नका. कावीळ आणि नलिकेतला संसर्ग असताना तो कर्करोग नसतानाही खूप चढतो. कावीळ उतरल्यावर तो पुन्हा मोजावा. आणि ५ ते १० टक्के लोकांच्या शरीरात तो जन्मतःच तयार होत नाही, त्यांचा आकडा कर्करोग असूनही कमीच राहतो.

प्रश्न : माझ्या दिरांना यकृताच्या मुखाशी गाठ आहे. एका डॉक्टरांनी सुई घालून तपासणी सुचवली. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र सुई लावू नका, थेट शस्त्रक्रिया करू असं सांगितलं. कर्करोग सिद्ध न करता एवढी मोठी शस्त्रक्रिया कशी करायची?

तुमची भीती आम्ही समजू शकतो, पण शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. मुखाजवळच्या गाठीत सुई घातली, तर सुईच्या वाटेने कर्कपेशी पोटाच्या पोकळीत सांडू शकतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने यकृत प्रत्यारोपणासाठी आलेल्या रुग्णांची माहिती २०११ साली मांडली. पोटाच्या पोकळीतून सुई घालून ज्या ६ रुग्णांचा कर्करोग सिद्ध झाला होता, त्यांतल्या ५ जणांच्या पोटात तो पसरलेला आढळला. ज्यांना सुई लावली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण ८ टक्के होतं. रुग्णसंख्या लहान आहे, तरी फरक एवढा मोठा आहे की त्यांच्याकडे अशी सुई लावलेल्या रुग्णाला प्रत्यारोपणासाठी घेत नाहीत. नलिकेच्या खालच्या भागातल्या गाठीला हा आक्षेप तेवढा लागू होत नाही. तिथे सुईची वाट ग्रहणीच्या ज्या भागातून जाते, तो भाग शस्त्रक्रियेत बहुधा काढलाच जातो.

गाठ काढण्याजोगी असेल आणि स्कॅनवरून कर्करोगाचा दाट संशय असेल, तर आधी तुकड्याचा पुरावा मिळालाच पाहिजे असा नियम नाही. नमुना निगेटिव्ह आला तरी निर्णय बदलणार नसेल, तर त्यात आठवडे घालवू नयेत. किमोथेरपी किंवा रेडिएशन सुरू करायचं असेल, तर मात्र पुरावा हवाच.

पण एक तपासणी राहिली असेल तर आग्रहाने करून घ्या : रक्तातलं आयजीजी४, म्हणजे एक प्रतिपिंड. ते वाढवणारा, कर्करोग नसलेला एक आजार आहे. या आजारात नलिका हुबेहूब कर्करोगासारखी अरुंद होते, आणि तो स्टिरॉइडच्या गोळ्यांनी ओसरतो. रक्तातली पातळी १३५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल, स्वादुपिंड सुजलेलं असेल किंवा लाळग्रंथी वाढलेल्या असतील, तर नलिकेतून चिमट्याने, शक्यतो कोलॅंजिओस्कोपने तुकडे घ्यावेत. ग्रहणीतल्या नलिकेच्या तोंडाशीही एक-दोन तुकडे घ्यावेत आणि त्यांवर आयजीजी४चं खास रंजन (पेशी रंगवून पाहण्याची तपासणी) मागावं. मात्र पातळी थोडी वाढलेली कर्करोगातही सापडते, तेव्हा नुसत्या त्या आकड्यावर स्टिरॉइड सुरू करू नये.

प्रश्न : स्टेंट आधी की नमुना आधी?

नमुना आधी. फक्त ताप, थंडी आणि रक्तदाब उतरणं अशी संसर्गाची लक्षणं असतील, तर तातडीने निचरा करायचा, नमुना नंतर पाहता येतो. निदान ठरलेलं नसताना उघड्या जाळीचा धातूचा स्टेंट टाकू देऊ नका. तो भिंतीत रुततो आणि पुढे काढता येत नाही. आकुंचन साधं निघालं तर जन्माची अडचण होऊन बसते. तोवर प्लॅस्टिकचा किंवा आवरण असलेला, काढता येणारा स्टेंट.

प्रश्न : बहिणीची ईआरसीपी आणि कोलॅंजिओस्कोपी ठरली आहे. ती क्लोपिडोग्रेल (रक्त गोठू न देणारी गोळी) घेते. आधी काय तयारी करावी आणि नंतर कशाकडे लक्ष ठेवावं?

क्लोपिडोग्रेल स्वतःहून बंद करू नका. नलिकेचं तोंड कापायचं असेल किंवा सुई लावायची असेल, तर ती साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण हृदयात स्टेंट टाकून थोडेच महिने झाले असतील तर तेही करता येत नाही. हृदयरोगतज्ज्ञ आणि एंडोस्कोपी करणारे डॉक्टर या दोघांचं बोलणं घडवून आणा. ॲस्पिरिन बहुधा सुरूच ठेवतात.

ईआरसीपीनंतरचा मुख्य धोका स्वादुपिंडाला सूज येण्याचा. तो कमी करण्यासाठी इंडोमेथॅसिन किंवा डायक्लोफेनॅकची १०० मिलिग्रॅमची गोळी गुदद्वारातून ठेवतात, तपासणीच्या थोडं आधी किंवा लगेच नंतर. मूत्रपिंडाचा विकार किंवा या औषधांची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. कोलॅंजिओस्कोपीत नलिकेत पाणी सोडलं जातं. अडलेल्या नलिकेत त्या दाबाने जंतू रक्तात जाऊ शकतात, म्हणून प्रतिजैविक आधीच देतात. ते दिलं का, हे विचारायला संकोच करू नका.

घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत पाठीकडे जाणारी पोटाच्या वरच्या भागातली सतत दुखणारी कळ, थंडी वाजून ताप, काळी शौच किंवा पुन्हा पिवळेपणा, यांतलं काहीही दिसलं तर फोनवर सल्ला घेत थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आणि निघण्यापूर्वी एवढं विचारून घ्या : किती तुकडे घेतले, त्यातला काही भाग जनुकीय तपासणीसाठी राखून ठेवायला सांगितला आहे का. कर्करोग निघालाच, तर आयडीएच१ आणि एफजीएफआर२ यांसारख्या जनुकांतल्या बदलांवर चालणारी औषधं आहेत. हे बदल यकृताच्या आतल्या नलिकांच्या कर्करोगात जास्त सापडतात. पण त्यासाठी लॅबमध्ये तुकडा मेणात बसवून केलेल्या ठोकळ्यात पुरेशा कर्कपेशी उरलेल्या असाव्या लागतात, साधारण २० टक्के तरी. सगळा तुकडा रंजनातच संपला, तर पुन्हा दुर्बीण घालावी लागते.